हिवाळ्यात ऊन कसं खावं?

आधी सनकोट आणि स्टोल धुऊन, डांबरगोळ्या घालून माळ्यावर टाका. ते एप्रिल-मेचे. साताऱ्यात पहाटे दातावर दात वाजत असताना उन्हाला काय भ्यायचं? चटका बसत नाही म्हणजे रापत नाही, इतकं सरळ आहे. अतिनील किरणांचा चटका त्या वेळी जाणवतच नाही, हवा गार असो की गरम ते आपलं काम करतात, असं त्वचेचे डॉक्टर सांगतात खरे. सांगू द्या, त्यांनाही दवाखाना चालवायचा आहे.

आता डी व्हिटॅमिन. ते सकाळी साडेसातच्या कोवळ्या उन्हातच मिळतं, हे आजीपासून व्हॉट्सअ‍ॅपपर्यंत सगळ्यांना ठाऊक आहे. ते तयार करणारे यूव्ही-बी, म्हणजे अतिनीलांतल्याच एका जातीचे किरण, इतक्या तिरप्या उन्हात नसल्यातच जमा, पण कुठे खोलात शिरता? कानटोपी, मफलर, स्वेटर, हातमोजे असा जामानिमा करून राजवाड्यापाशी बसा. उघडं राहिलेलं नाक सगळ्या घरादाराला पुरेल इतकं डी बनवतं. तेवढंही सोसवत नसेल तर घरात बंद खिडकीशी खुर्ची ओढा. काच यूव्ही-बी अडवते आणि रापवणारे यूव्ही-ए बरेचसे आत सोडते. हाडांना काही नाही, गाल मात्र काळवंडतात. घरबसल्या आणखी काय हवं?

'हिवाळ्यात सनस्क्रीन लागत नाही' हा सल्लाही मनोभावे पाळा. 21 डिसेंबरला भर दुपारी लंडनचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 15 अंश वर येतो, आपला 49. त्या दिवशी साडेबाराच्या सुमारास गच्चीत उभे राहिलात तर सावली तुमच्याहून आखूड पडेल, आणि सावली आखूड तर किरण जोरात असा ठोकताळा आहे. तेव्हा खाली बघू नका.

रविवारी गाडी महाबळेश्वरला काढा. हजार मीटर वर गेलं की अतिनील किरण साधारण दहा टक्के वाढतात. गार वारा लागतोय, बाह्या वर करा, स्ट्रॉबेरीच्या वाफ्यात फोटो काढा.

सोमवारी आरशात जे दिसेल त्यावर अर्धं लिंबू चोळा आणि, इथे चुकू नका, लगेच पुन्हा उन्हात बसा. लिंबाचा रस आणि ऊन एकत्र आले की कातडी भाजू शकते, आणि मग डाग महिनोन्‌महिने राहतात. घरात मुलीला बघायला पाहुणे येणार असतील तर हा उपाय जरूर करा. मुलाला गरज नाही, त्याचा रंग पगाराच्या स्लिपवर बघतात.

कऱ्हाडकडे जाताना फडात ऊसतोडीच्या बायका दिसतील. ऐन डिसेंबरात डोक्याला फडकं, साडीवर पुऱ्या बाह्यांचा पुरुषी शर्ट. उसाची पात कापते आणि ऊनही लागतं, असा त्यांचा समज. गाडीची काच खाली करा आणि सांगा, "मावशी, थंडीचे दिवस आहेत, काढा ते." उत्तर ऐकायला मात्र थांबू नका.