‘ध्यान लावा, आजारपणाच्या रजा निम्म्या होतील’ हे खरं नाही

कोल्हापूरजवळच्या शिरोली-गोकुळ शिरगाव या कारखान्यांच्या पट्ट्यातल्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘कारखान्यात ताणमुक्ती शिबिर घ्या, आजारपणाच्या रजा निम्म्यावर येतात. रजा कमी म्हणजे तब्येत चांगली. ताण कामात नसतो, मनात असतो.’ मी 11 वर्षं शिरोलीतल्या एका फाउंड्रीत, म्हणजे धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, टाइम ऑफिस (हजेरी-रजेचं काम) बघतोय. रजेचे अर्ज माझ्याच टेबलावर येतात, म्हणून हे लिहितोय.

शिबिराला येणारे कमी रजा काढतात, हे मीही पाहिलंय. पण येतं कोण? आमच्याकडं पहिली पाळी सुटल्यावर शिबिर झालं. आले ते बहुतेक ऑफिसातले. आठ तास ग्राइंडर धरून फेटलिंगमधला (ओतीव भाग घासून साफ करणाऱ्या खात्यातला) माणूस बाहेर पडतो, तेव्हा त्याला घरची एसटी गाठायची असते. आणि जे आले, ते आधीही फारसे आजारी पडत नव्हतेच. अमेरिकेत इलिनॉय विद्यापीठानं 2016 मध्ये जवळपास 5,000 कर्मचाऱ्यांची चिठ्ठ्या टाकाव्यात तशी वाटणी केली : काहींना आरोग्य कार्यक्रम, काहींना नाही. कार्यक्रमाला स्वतःहून येणारे मुळातच जास्त निरोगी निघाले. दोन्ही गटांच्या गैरहजेरीत म्हणावा असा फरक पडला नाही.

‘निम्म्यावर’ हा आकडा कुठून आला, ते मेसेजमध्ये नाही. अमेरिकेतल्याच बीजेज या दुकानसाखळीत सुमारे 33,000 कर्मचाऱ्यांवर 18 महिने असाच प्रयोग झाला, त्यात ताण कमी करण्याचे धडेही होते. लोक व्यायाम जास्त करतो म्हणाले, गैरहजेरी मात्र होती तिथंच राहिली.

रजा कमी म्हणजे तब्येत चांगली, हे वाक्य तर मला सहनच होत नाही. गेल्या पावसाळ्यात फेटलिंगचा एक पोरगा अंगात ताप घेऊन कामावर आला. हाताला हात लागला तर चटका बसत होता. घरी जा म्हटलं, तर म्हणाला, ‘साहेब, एक खाडा पडला तर हजेरी बक्षीस जातंय.’ ईएसआयमधून (कामगारांच्या सरकारी विमा योजनेतून) आजारपणात पगाराच्या 70 टक्के मिळतात, पण नव्या आजारपणाच्या पहिल्या दोन दिवसांचे मिळत नाहीत. ताप दोन-तीन दिवसांचाच असतो. माझ्या मस्टरवर त्या दिवशी त्याची हजेरी लागली. लंडनच्या सरकारी नोकरांच्या व्हाइटहॉल अभ्यासात, तब्येत खराब असूनही तीन वर्षांत एकही रजा न घेणाऱ्या पुरुषांना हृदयविकाराचा गंभीर झटका येण्याचं प्रमाण, तशाच तब्येतीच्या पण बेताच्या रजा घेणाऱ्यांच्या दुप्पट होतं.

राहिला ‘मनातला’ ताण. योगासनांनी बरं वाटतं, मी रोज करतो. पण त्याच व्हाइटहॉल अभ्यासात, ज्यांच्या हातात स्वतःच्या कामाचं फारसं काही नव्हतं त्यांच्या आजारपणाच्या रजा जास्त निघाल्या. आमच्याकडं सोमवारची पाळी शनिवारी रात्री बोर्डावर लागते. कुणाच्या आईला सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या सरकारी दवाखान्यात, न्यायचं असतं, कुणाच्या घरी साखरपुडा असतो. बदलून मागायची सोय नाही. मग सोमवारी सकाळी फोन येतो : ‘पोट बिघडलंय.’

शिबिर घ्यायचं तर कामाच्या वेळेत घ्या, भरपगारी घ्या. त्याआधी पाळीचा तक्ता आठ दिवस अगोदर लावा आणि डॉक्टरची चिठ्ठी आणली तर हजेरी बक्षीस कापू नका. या दोन्ही गोष्टी मी लेखी मागितल्यात. उत्तर अजून आलेलं नाही.