‘गाडगीळ अहवाल आला तर खिळाही ठोकता येणार नाही’? अहवाल उघडून तरी बघा

पावसाळा सुरू झाला की गावच्या ग्रुपवर हा फॉरवर्ड येतोच: ‘गाडगीळ अहवाल लागू झाला तर घर बांधता येणार नाही, शेती बंद, सगळं दिल्ली ठरवणार. म्हणून तर सरकारने लोकांच्या भल्यासाठी तो बाजूला ठेवला.’

हा अहवाल पश्चिम घाट जपण्यासाठी नेमलेल्या माधव गाडगीळ समितीचा; त्याने घाटाचे कडक ते सौम्य असे तीन झोन पाडले. आधी घराचं. सगळ्यात कडक झोनमध्ये शेतजमीन बिगरशेती करायला अहवालाचा विरोध आहे. पण लगेच पुढे अपवादही दिलाय: गावातली माणसं वाढली तर गावठाण वाढवता येईल. म्हणजे थोरल्याच्या घराशेजारी धाकट्याने घर बांधावं, अडचण नाही. अडचण होणार ती डोंगराला जेसीबी लावून एनए प्लॉट विकणाऱ्याची. फॉरवर्ड कुठून निघतो, ते तुम्हीच ओळखा.

शेती बंद? कुठेही नाही. कडक झोनमध्ये ५ वर्षांत रासायनिक कीटकनाशकं थांबवावीत, सेंद्रिय शेतीला मदत द्यावी, असं म्हटलंय. मोहोरावर फवारणी करणाऱ्या हापूसवाल्याने यावर जरूर भांडावं, ते भांडण खरं आहे.

दिल्लीचं म्हणाल, तर वर प्राधिकरण सुचवलंय हे खरं. पण झोनच्या हद्दी तात्पुरत्या आहेत, ग्रामसभांशी बोलून पक्क्या करा, असंही तोच अहवाल सांगतो. अख्ख्या तालुक्याला एकाच झोनचा रंग फासला, ही मात्र त्याची खरी चूक.

आता ‘लोकांच्या भल्यासाठी’. पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये समिती नेमली, खर्च आपल्या करातून. ३१ ऑगस्ट २०११ ला अहवाल हातात आला आणि कपाटात गेला. केरळमधल्या एका नागरिकाने माहिती अधिकारात मागितला, तर नकार. एप्रिल २०१२ मध्ये केंद्रीय माहिती आयोगाने ‘जाहीर करा’ म्हटलं, तर मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. मे महिन्यात तिथे हरलं, तेव्हा कुठे अहवाल वेबसाइटवर दिसला. लोकांचं भलं करायला लोकांविरुद्धच कोर्टात जावं लागतं का? मधल्या नऊ महिन्यांत अहवाल कुणी वाचलेला नव्हता, पण त्यात काय आहे ते सगळ्यांना ‘माहीत’ होतं.

मग या अहवालाचा फेरविचार करायला कस्तुरीरंगन समिती आली, तिने संरक्षित क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणलं. ते क्षेत्र जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचा पहिला मसुदा मार्च २०१४ चा, सहावा ३१ जुलै २०२४ चा, म्हणजे वायनाडमध्ये दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशीचा. अहवाल मानला असता तर माळीण, वायनाडच्या दरडी टळल्याच असत्या, असं छातीठोक सांगणारेही भेटतात. तोही फॉरवर्डच.