'इतका वाईट काळ कधीच नव्हता' म्हणता? मग साल सांगा

गेल्या वर्षभरात एकच मजकूर मला निदान पाच-सहा जणांनी पाठवला. चित्र दर वेळी वेगळं, आशय तोच: मानवजातीच्या इतिहासात आजच्याइतका वाईट काळ कधी आला नव्हता. पूर्वीची माणसं ठणठणीत शंभरी गाठायची, आता रोज नवा रोग. युद्धं तर विचारूच नका. गरीब आणखी गरीब झाला. मुलं आईबापांना जुमानत नाहीत, माणुसकी संपली. निसर्गाची तर पार वाट लावली, आता काही होऊ शकत नाही. शेवटी जोडलेले हात आणि 'पटलं तर पुढे पाठवा'.

मला पटलं नाही. म्हणजे एक मुद्दा पटला, त्याच्याकडे शेवटी येतो.

आधी त्या 'पूर्वी'बद्दल. सर्वांत वाईट म्हणायचं तर कशापेक्षा वाईट तेही सांगावं लागतं, आणि अख्ख्या मजकुरात एक साल नाही. नुसतं 'पूर्वी'. या 'पूर्वी'त पटकी नसते, दुष्काळ नसतो, बाळंतपणात गेलेल्या बायका नसतात. हार्वर्डचे इतिहासकार मायकल मकॉर्मिक यांनी मात्र २०१८ साली सरळ एक साल सांगितलं होतं: इ. स. ५३६. ज्वालामुखीच्या राखेनं त्या वर्षी युरोपपासून आशियापर्यंत आभाळ झाकोळून टाकलं. प्रोकोपियस हा तेव्हाचा इतिहासकार लिहितो, की वर्षभर सूर्य चंद्रासारखा निस्तेज दिसत होता. पिकं बुडाली, उपासमार झाली. चारच वर्षांत दुसरा मोठा उद्रेक झाला आणि ५४१ मध्ये प्लेगची साथ सुरू झाली. मजकूर पाठवणाऱ्यांपैकी कोणाला ५३६ मध्ये जाऊन राहायचं असेल असं वाटत नाही.

आता शंभरी गाठणाऱ्यांकडे वळू. १९२४ च्या जूनअखेरीला एक सोळा वर्षांचा मुलगा मोजे न घालता टेनिस खेळला. बूट चावला, पायाच्या बोटाला फोड आला. आपल्यापैकी प्रत्येकाला कधी ना कधी आलाय तसाच. फोडातून जंतू रक्तात गेले, ताप चढला आणि आठवड्याभरात, ७ जुलैला, मुलगा गेला. बाप साधासुधा माणूस नव्हता. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष कॅल्विन कूलिज. देशातले उत्तमोत्तम डॉक्टर हाताशी होते, पण द्यायला औषधच नव्हतं. फ्लेमिंगना पेनिसिलिनचा शोध लागला १९२८ मध्ये, आणि ते रोग्यांपर्यंत पोचायला चाळीसचं दशक उजाडलं.

राष्ट्राध्यक्षाच्या घरी ही तऱ्हा. त्याच्या दोन शतकं आधी इंग्लंडची राणी ॲन किमान सतरा वेळा गरोदर राहिली, आणि तिचं एकही मूल मोठं झालं नाही. सर्वांत जास्त जगलेला मुलगा १७०० साली अकराव्या वर्षी गेला. सर्वसामान्य घरांतही वेगळं काही नव्हतं. मानवी इतिहासाचा बहुतेक काळ जन्मलेल्या मुलांपैकी जवळपास निम्मी वयात येण्याआधीच दगावत. पण आपल्या आठवणीत राहतात ते काठी टेकत नव्वदीपर्यंत चालणारे पणजोबा. त्यांची पाच भावंडं पाळण्यातच गेली, हे सांगायला कोणी मागे उरत नाही. १९०० च्या सुमारास जगाचं सरासरी आयुर्मान बत्तिसेक वर्षं होतं, आज ते सत्तरीच्या पुढे आहे. पाचव्या वाढदिवसाआधी मरणारी मुलं १९९० मध्ये हजारी ९३ होती, २०२२ मध्ये ३७. हा आकडाही लाजिरवाणाच आहे, कारण त्याचा अर्थ वर्षाला ४९ लाख मुलं असा होतो, आणि त्यातली बहुतेक वाचवता येण्यासारखी असतात.

'रोज नवा रोग' म्हणताना एक जुना रोग साफ गेला, हे कसं विसरतो आपण? देवीनं एकट्या विसाव्या शतकात सुमारे ३० कोटी माणसं मारली. निसर्गतः झालेली शेवटची लागण १९७७ मध्ये सोमालियात, आणि १९८० मध्ये रोग संपल्याची घोषणा. करोनात माणसं गेली ती आपल्या डोळ्यांदेखत, ते हलक्यानं घेणार नाही. पण १९१८ च्या फ्लूत जगाची लोकसंख्या १८० कोटींच्या आसपास असताना काही कोटी माणसं गेली, काही अंदाजांनुसार पाच कोटी किंवा जास्त. तो आजार विषाणूचा आहे हेही तेव्हा ठाऊक नव्हतं. माणसातला फ्लूचा विषाणू हाती लागला १९३३ मध्ये. करोनाची लस वर्षभरात टोचली जात होती.

मजकूर लिहिणाऱ्याला आरोग्याबद्दल घाबरायचंच होतं, तर खरं कारण त्याच्या हातून निसटलं. अँटिबायोटिक्स वाट्टेल तशी घेऊन आपण जंतूंना पक्कं करून सोडलंय. औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी २०१९ या एका वर्षात थेट १२ लाखांहून जास्त बळी घेतल्याचा अंदाज आहे. असंच चाललं तर बूट चावण्याची भीती पुन्हा बाळगावी लागेल.

युद्धांचं म्हणणं पूर्ण खोटं नाही. गेल्या काही वर्षांत चालू संघर्षांची संख्या दुसऱ्या महायुद्धानंतरच्या सर्वांत वरच्या पातळीला गेली आहे आणि २०२४ अखेर बारा कोटींहून अधिक लोक घरादाराला मुकलेले होते. ज्याच्या डोक्यावर छप्पर उरलं नाही त्याला सरासऱ्या ऐकवू नयेत. पण दावा सगळ्या इतिहासाचा आहे. दुसऱ्या महायुद्धात सहा वर्षांत सात कोटींच्या वर माणसं मेली. आणि त्यानंतरची ती 'शांत' दशकं? २६ सप्टेंबर १९८३ च्या रात्री सोव्हिएत इशारा-केंद्रात स्तानिस्लाव पेत्रोव हा अधिकारी कामावर होता. यंत्रणेनं सांगितलं, अमेरिकेतून क्षेपणास्त्र सुटलंय. मग आणखी चार. खरा हल्ला असता तर कोणी पाचच क्षेपणास्त्रं सोडेल का, असा विचार करून त्यानं वर कळवलं, की यंत्र चुकतंय. उंचावरच्या ढगांवरून परावर्तित झालेलं ऊन उपग्रहाला क्षेपणास्त्रासारखं दिसलं होतं. कोट्यवधी लोक त्या रात्री निवांत झोपले होते आणि त्यांना पत्ताही नव्हता. पुढे तीनेक वर्षांनी जगातल्या अण्वस्त्रांचा आकडा ७० हजारांच्या घरात होता. आज तो बारा हजारांच्या आसपास आहे. तेवढी अण्वस्त्रंही जग संपवायला पुरेशी आहेत, हे खरं. फरक एवढाच, की तेव्हाची भीती आपल्याला उशिरा कळली आणि आजची मिनिटामिनिटाला खिशात वाजते.

गरिबीबद्दल थोडक्यात. 'गरीब आणखी गरीब झाला' हे जगाचा हिशेब धरला तर सरळ चूक आहे. १९९० मध्ये दहातले जवळपास चार जण अत्यंत गरिबीत होते, आज साधारण एक. श्रीमंत मात्र अनेक देशांत फार पुढे पळालेत आणि दरी वाढली आहे. तक्रार तीच असेल तर मीही सही करतो. पण दरी वेगळी आणि उपासमार वेगळी. १९५९ ते १९६१ या तीन वर्षांत चीनमधल्या दुष्काळात कोट्यवधी माणसं अन्नावाचून मेली, आणि बाहेरच्या जगाला बराच काळ त्याची नीट कल्पनाही नव्हती.

नीतीच्या मुद्द्यावर हसू आलं. ग्रीक कवी हेसिओड सुमारे सत्तावीसशे वर्षांपूर्वी हळहळत होता, की आपण या लोहयुगात जन्मायलाच नको होतं, आता मुलं म्हाताऱ्या आईबापांचा मान ठेवणार नाहीत. आपल्याकडच्या पुराणांतलं कलियुगाचं वर्णन वाचा, जवळपास हीच यादी मिळेल. 'कलियुग आलं' हे वाक्य प्रत्येक पिढीला आपल्याच काळासाठी लिहिल्यासारखं वाटत आलंय. तेव्हाची माणुसकी मोजायची तर हेही मोजा: स्वित्झर्लंडमध्ये बायकांना देशपातळीवर मताचा हक्क मिळाला १९७१ मध्ये, आणि मॉरिटानियानं गुलामगिरी कायद्यानं बंद केली १९८१ मध्ये.

राहिला निसर्ग. इथे मी वाद घालत नाही. कारखानदारी सुरू होण्याआधी हवेत कार्बन डायऑक्साइडचं प्रमाण दशलक्षात २८० भाग होतं, आता ते ४२० च्या वर गेलंय. २०२४ हे नोंदीतलं सर्वांत उष्ण वर्ष ठरलं आणि त्या वर्षाचं सरासरी तापमान प्रथमच औद्योगिक काळाआधीच्या तुलनेत दीड अंशाहून अधिक वर गेलं. वर मांडलेली सगळी प्रगती बऱ्याच अंशी कोळसा आणि तेल जाळूनच झाली, हेही कबूल करायला हवं. त्या मजकुरात एवढा एकच मुद्दा असता तर मीही तो पुढे पाठवला असता.

मात्र त्यातलं 'आता काही होऊ शकत नाही' हे शेपूट कापूनच. १९८५ मध्ये अंटार्क्टिकावर ओझोनच्या थराला पडलेलं भगदाड शास्त्रज्ञांनी जगासमोर आणलं. तेव्हाही हताश व्हायला भरपूर वाव होता, कारण दोष फ्रिजमधल्या आणि फवाऱ्याच्या डब्यांमधल्या वायूंचा होता आणि ते घरोघरी होते. दोन वर्षांत माँट्रियलचा करार झाला, पुढे जगातल्या सगळ्या देशांनी त्यावर सह्या केल्या आणि ते वायू जवळजवळ पूर्ण बंद झाले. २०२२ च्या शास्त्रीय अहवालाप्रमाणे अंटार्क्टिकावरचा थर २०६६ च्या सुमारास १९८० इतका भरून येईल. ज्यांनी सह्या केल्या त्यांच्यातले बहुतेक तो बघायला नसतील.