दाखल्यापुरतं? एका प्रतिक्रियेला उत्तर

आमच्या देवळातल्या, म्हणजे चर्चमधल्या, तेलापाण्याच्या संस्कारांवर मी मागच्या आठवड्यात लिहिलं, त्याखाली एक प्रतिक्रिया आली आहे. नाव नाही, गाव नाही, नुसतं 'वसईकर'. वसईकर तर मीही आहे. प्रतिक्रिया छोटीच आहे, अख्खी देते (साक्रामेंत म्हणजे चर्चमधले संस्कार):

"आज्जी, आठवणींचा उमाळा छान. पण आपल्याकडे साक्रामेंत म्हणजे आता नुसता दाखला, एक शाळेसाठी, एक लग्नासाठी. बाकी उरतो हॉल, कॅटरर आणि डीजे. फादरही उरकून टाकतात. आणि 'अखेरचा अभ्यंग' नाही, 'आजाऱ्यांचा अभ्यंग' म्हणतात, जरा अभ्यास करून लिहीत जा!!!"

बत्तीस वर्षं शाळेत मराठी शिकवलं. एका वाक्याला एक उद्गारचिन्ह पुरतं, हे पाचवीतल्या पोरांना कळायचं. आणि 'आज्जी' कशाला? मला दोन नातवंडं आहेत, तेवढी पुरेत. मी तुम्हाला 'बाळ' म्हटलं तर चालेल का? नाही ना. मग राहू द्या.

आधी तेलाचं. इथे तुमचं बरोबर आहे, माझं चुकलं. आजाऱ्याला तेल लावायचा हा संस्कार केवळ मरणाच्या दारात असलेल्यांचा नाही, असं बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनं स्पष्ट केलं आणि १९७२ मध्ये पोप सहाव्या पॉलनी त्याचा नवा विधी दिला. लेखातला शब्द मी त्याच रात्री बदलला. पण शब्द बदलला म्हणून घरातली भीती बदलते का? माझे सासरे तापानं पडले होते. फादर तेलाची डबी घेऊन ओटा चढले, तर सासऱ्यांनी मान वर करून विचारलं, "एवढी घाई का?" त्यानंतर ते सहा वर्षं जगले. हे अभ्यासाच्या पुस्तकात नसतं, खाटेशी बसलं की कळतं. असो. चूक ती चूक.

आता 'नुसता दाखला'. हे दोन शब्द मला चार दिवस टोचतायत.

दाखला येतो कुठून, माहीत आहे ना? देवळाच्या ऑफिसात स्नानसंस्काराची, म्हणजे बाप्तिस्म्याची, जाडजूड वही असते. बाळाचं नाव, आईबापाचं, धर्मपिता-धर्ममातेचं, तारीख, फादरांची सही. तेवढ्यावर ती ओळ संपत नाही. पुढे दृढीकरण (श्रद्धा पक्की करणारा संस्कार) झालं, लग्न झालं, कुणी गुरुदीक्षा घेऊन फादर झालं, तर त्याच नोंदीच्या शेजारी ते लिहिलं जातं. तुम्ही कॅनडात लग्न करा, तरी तिथून कळवतात आणि इथल्या वहीच्या समासात चार शब्द वाढतात. म्हणूनच लग्नाआधी नवा दाखला काढून आणायला सांगतात. तो तुम्हाला हेलपाटे घालायला लावण्यासाठी नसतो. आधी कुठे लग्न झालेलं नाही ना, हे समासात दिसतं. माणसाचा सगळा जन्म धर्मग्राम, म्हणजे त्याची पॅरिश, एका ओळीशी बांधून ठेवतो. त्याला तुम्ही 'नुसता' म्हणता.

आता जे सांगणार नव्हते ते सांगते.

जुलै १९६१. मी आठ वर्षांची. बावखल, म्हणजे वाडीतलं तळं, भरून पाणी वाडीत शिरलेलं, केळी आडव्या, रस्ता दिसत नव्हता. आईला सातव्या महिन्यातच कळा सुरू झाल्या. सुईण ख्रिस्ती नव्हती, पण आमच्या आळीतल्या अर्ध्या पोरांची नाळ तिनंच कापलेली. मुलगा झाला. रडला नाही. तिनं उलटा धरून थोपटला, तोंड पुसलं, मग एक बारीक आवाज आला, मांजराच्या पिल्लासारखा. तिनं माझ्या आजीकडे पाहिलं. आजी नुसती थरथरत होती. तेव्हा त्या बाईनं कळशीतलं विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, बाळाच्या डोक्यावर ओतलं आणि म्हणाली, "मी तुला बाप्तिस्मा देते, पित्याच्या, पुत्राच्या आणि पवित्र आत्म्याच्या नावाने." इतक्या घरी ऐकून तिला ते पाठ झालं होतं. दोन तासांनी बाळ गेलं.

सकाळी वडील गुडघाभर पाण्यातून देवळात गेले. फादरांनी सुईणीलाच बोलावून घेतलं. ती पायरीवर उभी राहिली, पदर पिळत. त्यांनी विचारलं, पाणी अंगावरून वाहिलं का? शब्द कुठले म्हटलेस? मनात काय होतं? ती म्हणाली, "तुमचे लोक करतात तेच करायचं होतं." फादरांनी वही उघडली आणि लिहिलं.

नियम तोच आहे. जीव धोक्यात असेल तर कुणीही, स्वतःचा बाप्तिस्मा न झालेला माणूससुद्धा, चर्चचा जो हेतू तोच मनात धरून पाणी ओतून ते शब्द म्हणाला, तर संस्कार पुरा होतो. आणि त्या काळी बाप्तिस्मा न झालेल्या बाळाला पवित्र भूमीत जागा नव्हती. त्या ओळीमुळे माझा भाऊ आजोबांशेजारी पुरला गेला. नाहीतर वाडीच्या कुंपणाशी पुरावा लागला असता, तशीही पुरलेली मला माहीत आहेत.

त्याचा फोटो नाही. जन्माची सरकारी नोंद कुणी केली नाही. तो होऊन गेला, याला कागदावरचा पुरावा एकच. आई थकली तेव्हा म्हणाली, "त्याचा दाखला आणून दे." मी गेले. अर्जात 'कारण' असा रकाना होता. वर कुणी 'शाळा' लिहिलेलं, खाली कुणी 'विवाह'. मी रकाना कोरा सोडला, क्लार्कनं मान वर करून पाहिलं आणि काही न विचारता शिक्का मारला. आई गेली तेव्हा तो कागद तिच्या लुगड्यांच्या घडीत सापडला.

'संस्कार म्हणजे अदृश्य कृपेचं दृश्य चिन्ह', हे धर्मशिक्षणाच्या वर्गात दर रविवारी मी पोरांकडून घोकून घेते. ती घोकतात. मला मात्र ते वाक्य म्हणताना दर वेळी ती कळशी दिसते. तुम्हाला यात उमाळा दिसला तर दिसू दे. मी प्रश्न टाळत नाही, तुमचाच शब्द घेऊन बोलतेय.

बाकीचं थोडक्यात. फादर उरकतात म्हणाल, तर ते फादरांना विचारा, माझ्या भिंतीवर नको. देणाऱ्याच्या पुण्याईवर संस्कार अवलंबून नसतो, यावर संत ऑगस्टिननी दोनातवाद्यांशी, म्हणजे पापी धर्मगुरूनं दिलेला संस्कार खोटा मानणाऱ्या पंथाशी, वर्षानुवर्षं वाद घातला, तो मी इथे नव्यानं घालणार नाही. आणि कुमसाराला, म्हणजे फादरांपुढे पापं कबूल करायला, शेवटचे कधी गेलात, हेही मी विचारत नाही. विचारणार होते.

राहिला हॉल. हो, माझ्या नातवाच्या पहिल्या कम्युनियनला (पहिल्यांदा पवित्र भाकर घेण्याच्या संस्काराला) हॉल होता, कॅटरर होता, तीनशे पानं होती. पैसे मुलाचे, हौस सुनेची. त्याचं लिंपण तुम्ही माझ्या लेखावर का करता? डीजे मी साडेनऊला बंद करायला लावला होता. दहाला तो परत सुरू झाला, हे मला दुसऱ्या दिवशी शेजारणीनं सांगितलं. मी झोपले होते.