शनिवार-रविवारी हरायला जाताना

मुंबईत दोन दिवसांची विभागीय बुद्धिबळ स्पर्धा खेळायला निघालेल्या पन्नाशीच्या गृहस्थाने सोबत काय न्यावे? पाण्याची बाटली, जवळचा चष्मा, आधारची झेरॉक्स आणि डबा हे घरची माणसे देतातच. जी वस्तू ती देत नाहीत आणि शाळेसमोरच्या टपरीवरही मिळत नाही, ती म्हणजे हरण्याचे कारण. ते घरूनच न्यावे. निदान तीन-चार तरी न्यावीत, कारण फेऱ्या नऊ असतात आणि एकच कारण दोनदा सांगितले की ऐकणाऱ्याला शंका येते, या माणसाला मुळात खेळता तरी येते का.

नवख्यांनी मेगाब्लॉकपासून सुरुवात करावी. मध्य रेल्वे, माटुंगा ते मुलुंड, जलद गाड्या धीम्या मार्गावर. हे तुम्हाला पाठ असतेच. या कारणाची खुबी अशी की ते खरे असते, आणि ऐकणारा स्वतः डोंबिवलीहून आलेला असल्यामुळे तुमच्याआधी तोच हळहळतो. त्यातली खोट मात्र सांगून ठेवतो. ब्लॉक बहुधा रविवारी अकराच्या सुमारास लागतो आणि तुम्ही त्या दिवसाचा पहिला डाव साडेनऊलाच हरलेले असता. शिवाय शनिवारच्या पाच फेऱ्या उघड्या पडतात. तिथे प्रकृती वापरावी. पित्त चालेल, मान धरली चालेल. कंबर नको. ती शाळेच्या बाकावर बसल्यावर आपोआपच धरते, तिला कारणांच्या कोट्यातून खर्ची घालू नये.

कारण स्पर्धा शाळेत असते. हॉलमधली टेबले वरच्या बोर्डांसाठी, म्हणजे रेटिंगवाल्यांसाठी; तुम्ही बोर्ड नंबर ८७, पहिला मजला, इयत्ता दुसरी ब. बाक सात वर्षांच्या मुलाच्या मापाचा. गुडघे खाली जात नाहीत म्हणून तुम्ही तिरके बसता, तिरके बसल्यामुळे पट तिरका दिसतो, आणि पट तिरका दिसला की उंट सरळ चालल्यासारखे वाटतात. (हे कारण मी दोन मोसम वापरले. उत्तम चालते.) समोर फळ्यावर सुविचार लिहिलेला असतो: अपयश ही यशाची पहिली पायरी आहे. फळा पुसू नये अशी शाळेची ताकीद असते, त्यामुळे पाचही फेऱ्या तो तुमच्याकडे बघत राहतो.

मोबाइल बाहेर जमा करायला सांगतील. तो चुकून खिशात राहू द्यावा का, हा प्रश्न जाणकारांनाही छळतो. नियम कडक आहे, फोन वाजला की डाव गेला. पण पराभवांमध्ये इतका खानदानी पराभव दुसरा नाही. पुढची दहा वर्षे तुम्ही सांगू शकता, ‘वाजला तेव्हा मी जिंकत होतो.’ पट तर कधीच आवरलेला असतो. तपासणार कोण?

आता प्रतिस्पर्धी. तिसऱ्या फेरीत तुमच्यासमोर एक आठ वर्षांची मुलगी येईल. तिचे पाय जमिनीला टेकत नाहीत म्हणून ती बाकावर गुडघे मोडून बसते. वरचे दोन दात पडलेले. तुम्ही हस्तांदोलनाला हात पुढे करता तेव्हा ती आपला हात फ्रॉकला पुसते, मग देते. कौतुकाने तुम्ही विचारता, ‘कितवीत गं तू?’ ती घड्याळाकडे बोट दाखवून म्हणते, ‘काका, तुमचा टाइम चालू आहे.’

पंधरा मिनिटांचा डाव आणि प्रत्येक चालीला दहा सेकंदांची भर. या भरीला इन्क्रिमेंट म्हणतात. ऑफिसात गेली चार वर्षे ती मिळालेली नाही म्हणून इथली मात्र चवीने घ्याल, तर जपून. घड्याळ ज्या हाताने चाल केली त्याच हाताने दाबायचे असते, आणि दाबायचे असते हेच तुम्ही विसरता. ती सांगणार नाही. तिला तसे शिकवलेले नाही.

ती पांढऱ्याने लंडन सिस्टिम खेळेल. लंडन म्हणजे ओपनिंगमधला मासिक पास. समोरचा काय वाटेल ते करो, आपण रोज त्याच गाडीच्या त्याच डब्यात त्याच दारापाशी उभे राहायचे. दोन चाली करून ती उठते आणि मैत्रिणीचा डाव बघायला जाते. तुम्ही सहा मिनिटे डोके खाजवून घोडा काढता. ती परत येते, उभ्याउभ्याच पटावर एक नजर टाकते, बाटलीच्या नळीतून पाणी ओढत चाल करते आणि पुन्हा जाते. या वागण्याचा राग मानू नये. आईने मुगाची डाळ भिजत घालावी, मग मध्येच येऊन भिजली का बघावी, तसे तिचे चालले आहे.

मग तुम्ही उंटाला हात लावता. बोटाखाली उंट आला आणि त्याच क्षणी कळले की तो हलला तर वजीर जातो. हात मागे. पण हात लावलेली सोंगटी हलवावीच लागते. आणि समोर तिचा उजवा हात वर, वर्गात करतात तसा ताठ. ‘सर, काकांनी उंटाला हात लावला!’

इथे बरेच मुंबईकर ‘अ‍ॅडजस्ट करत होतो’ असे म्हणून फसतात. अ‍ॅडजस्ट हा शब्द पटावर आहे, सोंगटी घरात नीट बसवायची असेल तर वापरतात, पण तो आधी म्हणायचा आणि हात मग लावायचा. आपला सराव लोकलच्या चौथ्या सीटचा. तिथे आधी टेकायचे आणि मग म्हणायचे. तुमच्या भाच्याच्या वयाचा आर्बिटर, म्हणजे पंच, येऊन अदबीने विचारतो, ‘काका, टच केलंत का?’ खरे सांगावे. खिडकीच्या गजांमागे तिची आई उभी आहे.

दोन मिनिटांनी वजीर गेला, पाच मिनिटांनी डाव. ती सोंगट्या परत मांडून ठेवते, घोड्यांची तोंडे एका दिशेला करते आणि निघताना म्हणते, ‘वेल प्लेड, काका.’ हे तिला क्लासमध्ये शिकवलेले असते. त्यावर काय बोलायचे हे तुम्हाला कुणी शिकवलेले नाही. नुसती मान हलवावी.

कुणासमोर कोण बसणार हे ज्या पद्धतीने ठरते तिला स्विस म्हणतात. १८९५ साली झुरिकला ती पहिल्यांदा वापरली. तिच्यात कुणी बाद होत नाही. सारख्या गुणांची माणसे एकमेकांसमोर येतात. म्हणजे हरलात की पुढच्या फेरीत तुमच्याच तोलाचा कुणीतरी, असे माहितीपत्रकात लिहिलेले असते. अनुभव असा की प्रत्येक हारीगणिक समोरच्याचे वय दोन वर्षांनी कमी होते. शनिवारी संध्याकाळी जो येतो त्याच्या बुटांत चालताना दिवे लागतात. मात्र खेळाडूंची संख्या विषम असेल आणि तुम्ही तळाशी असाल तर एखाद्या फेरीत ‘बाय’ मिळतो. न खेळता पूर्ण एक गुण. स्पर्धेतला तुमचा हा सर्वांत निर्दोष डाव असेल. घरी सांगताना जिंकलो एवढेच सांगावे.

रेटिंगचे दुःख करू नका. आर्पाड इलो नावाच्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकाने माणसे मोजायची ही पट्टी बनवली. सारख्या रेटिंगच्या माणसाशी जलद डाव हरलात तर दहा गुण जातात, संपले. आणि वरचे लोक दयाळू आहेत. मार्च २०२४ मध्ये फिडेने, म्हणजे जागतिक बुद्धिबळ महासंघाने, क्लासिकलमधल्या, म्हणजे लांब डावांच्या खेळातल्या, २००० खालच्या सगळ्यांचे रेटिंग एका रात्रीत वाढवले. २००० ला जितके कमी, त्याचे ४० टक्के वर. १००० वाला १४०० झाला, १८०० वाला १८८०, आणि रेटिंगचा तळच, म्हणजे त्याखाली जाता येत नाही तो आकडा, १००० वरून १४०० वर नेला. जुन्या चाळीला जादा एफएसआय मिळावा तसे झाले. सगळे वर गेले, शेजारी तेच राहिले. तरी आमच्या ओळखीच्या एकाने त्या दिवशी पेढे वाटले. मी दोन घेतले.

फेऱ्यांच्या मधल्या वेळात खाली व्हरांड्यात जाऊन बसावे. खरी स्पर्धा तिथे असते. सतरंजीवर, पायऱ्यांवर, वर्तमानपत्र अंथरून पालक बसलेले असतात. डिसेंबर २०२४ मध्ये गुकेश अठराव्या वर्षी जगज्जेता झाला, आणि जुलै २०२५ मध्ये नागपूरची दिव्या देशमुख बाटुमीला महिला विश्वचषक जिंकून भारताची ८८ वी ग्रँडमास्टर झाली. तेव्हापासून या व्हरांड्यातल्या प्रत्येक आईच्या डोक्यात एक उलटी गिनती सुरू आहे. मुलगा नऊ वर्षांचा, म्हणजे हातात नऊच वर्षे. तो बिचारा खांबामागे कुणाशी तरी बाटलीची झाकणे उडवत असतो.

त्यांच्याकडून एक गोष्ट मात्र शिकण्यासारखी आहे. समान गुण झाले तर बक्षीस टायब्रेकवर ठरते आणि टायब्रेकमध्ये बुकोल्झ नावाचा हिशेब असतो, म्हणजे तुम्ही ज्यांच्याशी खेळलात त्यांच्या गुणांची बेरीज. त्यामुळे पोराला ज्याने सकाळी रडवले त्याच मुलाने उरलेले सगळे डाव जिंकावेत, अशी या माउलींना मनापासून इच्छा असते. शत्रूचे भले व्हावे म्हणून नवस बोलणारी माणसे संतांनंतर मी इथेच पाहिली. एकीने तर त्या मुलाला आपल्या डब्यातला पराठा खाऊ घातला. ‘खा रे बाळा, पुढची राउंड टफ आहे तुझी.’

त्या गर्दीत तुमच्या वयाचे चार-पाचजण कोपऱ्यात सापडतील. त्यांच्यात बसताना ‘आमच्या वेळी’ हे शब्द तोंडात तयार ठेवावेत. आमच्या वेळी म्हणजे १९७४, महिलांची पहिली राष्ट्रीय स्पर्धा, वासंती खाडिलकर. मग जयश्री, मग रोहिणी, मुंबईतल्या एकाच घरातल्या तीन बहिणी आणि वर्षानुवर्षे विजेतेपद त्याच घरात. आमच्या वेळी म्हणजे प्रवीण ठिपसे, १९९७, देशाचे तिसरे ग्रँडमास्टर, आणि तेही आपल्या मुंबईचे. हे सांगताना आवाज असा असावा की या सगळ्यात तुमचाही थोडा हातभार होता. तेव्हा चाली सुचवणारे संगणकावरचे इंजिन नव्हते, क्लास नव्हते, पुस्तक एक आणि वाचणारे आठ. पुस्तक तुमच्यापर्यंत आठव्या नंबरावर यायचे हेही एक कारणच आहे. पण ते राखून ठेवा, राज्य स्पर्धेला लागेल.

शेवटचा सल्ला शेवटच्या फेरीचा. रविवारची संध्याकाळ, साडेतीन गुण, बोर्ड नंबर ८७. आणि या वेळी समोर चक्क म्हातारा माणूस. पंचाहत्तरीचे आजोबा, पांढरा हाफ शर्ट, खिशाला दोन पेने, बाकावर थर्मास आणि स्टीलचा डबा. दोन दिवसांत पहिल्यांदाच तुम्हाला तुमच्यापेक्षा मोठे कुणीतरी भेटले. जीव भांड्यात पडतो. सोंगटी उचलताना त्यांचा हात थरथरतो, ती खाली ठेवताना मात्र थरथरत नाही. हे तुमच्या लक्षात येत नाही.

डाव लांबतो. मारामारी होत होत दोघांकडे एकेक हत्ती आणि त्यांच्याकडे एक प्यादे जास्त. तुम्ही मोठ्या धूर्तपणे हत्तीला हत्ती देता. एकच प्यादे उरले, आता बरोबरी. आजोबा चष्मा वर करतात, तुमच्याकडे बघतात, पुन्हा खाली करतात. मग राजा एकेक घर पुढे आणतात, प्याद्याच्या मागून नाही, पुढून. सहाव्या ओळीत राजा आणि त्याच्या पाठीशी प्यादे, आणि ते कडेचे नसेल, तर चाल कुणाचीही असो, त्याचा वजीर होतोच. हे तुम्हाला माहीत होते. आठव्या नंबरावर आलेल्या त्या पुस्तकात होते.

हात मिळवताना तुम्ही सवयीने तोंड उघडता. ‘काय सांगू आजोबा, आज माटुंगा-मुलुंड...’

‘मेगाब्लॉक?’ आजोबा थर्मासच्या झाकणात चहा ओततात आणि अर्धा तुमच्याकडे सरकवतात. ‘तो आता कुणी ऐकत नाही हो. मीही सोडला. मोतीबिंदू सांगत जा. दोन डोळे असतात, दोन मोसम निघतात.’