‘चुना हजार वर्षे, सिमेंट पन्नास वर्षे’: एका लोकप्रिय दाव्याचा प्रतिवाद

बांधकामाच्या साहित्याविषयीचा एक संदेश समाजमाध्यमांवर वारंवार फिरत असतो. त्याचा आशय थोडक्यात असा: चुन्यात बांधलेल्या जुन्या वास्तू हजार-दोन हजार वर्षे उभ्या आहेत, तर सिमेंटच्या इमारती पन्नास वर्षांत मोडकळीस येतात, चुना वर्षागणिक घट्ट होतो आणि सिमेंट वर्षागणिक कमजोर होते, जुन्या कारागिरांनी दगडी कामात लोखंड घातलेच नाही, आपण गज घालतो म्हणून गंज येतो, चुना नैसर्गिक असल्याने त्याने प्रदूषण होत नाही. शेवटी सल्ला दिलेला असतो, की स्लॅब घालायचाच असेल तर सिमेंटऐवजी चुन्यात घालावा. यातल्या जवळजवळ प्रत्येक विधानात सत्याचा काही अंश आहे, म्हणूनच ते वाचणाऱ्याला चटकन पटते. सल्ला मात्र सरळसरळ धोक्याचा आहे, त्यामुळे एकेक मुद्दा तपासणे भाग आहे.

पहिला मुद्दा वयाच्या तुलनेचा. आज दिसणाऱ्या जुन्या वास्तू म्हणजे काळाच्या चाळणीतून उरलेल्या वास्तू आहेत. ज्या पडल्या त्या मोजायला कोणी जात नाही, आणि ज्या उभ्या आहेत त्यांपैकीही अनेक पुन्हा पुन्हा उभाराव्या लागल्या. इस्तंबूलची हागिया सोफिया ५३७ साली पूर्ण झाली आणि तिचा मुख्य घुमट ५५८ साली, भूकंपांच्या धक्क्यांनंतर, कोसळला. ५६२ पर्यंत तो अधिक उंच आकारात नव्याने बांधण्यात आला, तरीही ९८९ आणि १३४६ साली त्याचे काही भाग पुन्हा पडले. फ्रान्समधील बोव्हे येथील कॅथेड्रलच्या कमानदार छताचा भाग १२८४ साली पडला आणि त्याचा मनोरा १५७३ साली. ही त्या त्या काळातल्या निवडक कारागिरांची, पैशाची ददात नसलेली कामे होती. सामान्य माणसांची घरे या हिशेबात धरलेलीच नाहीत.

रोमच्या पँथिऑनचे छायाचित्र या संदेशासोबत हमखास असते. दुसऱ्या शतकात बांधलेला, सुमारे ४३.३ मीटर व्यासाचा आणि एकही गज नसलेला हा काँक्रीटचा घुमट खरोखरच असामान्य आहे. पण तो का उभा आहे, हे पाहिले की दाव्याचा सूर बदलतो. घुमटाची जाडी तळाशी सुमारे सहा मीटर आणि माथ्याजवळ जेमतेम सव्वा मीटर आहे. खालच्या थरांत जड दगडाचे तुकडे आणि वरच्या थरांत पाण्यावर तरंगू शकणारा प्यूमिस हा सच्छिद्र ज्वालामुखी दगड वापरला आहे. माथ्यावर, जिथे वजन सर्वात नकोसे, तिथे उघडे भोक ठेवले आहे. ही सगळी योजना बहुतांश साहित्य दाबाखाली राहावे आणि ताण, म्हणजे ओढ, कमीत कमी यावा यासाठी आहे. तरीही खालच्या पट्ट्यात ताण आलाच, आणि तिथे उभ्या भेगा पडल्या आहेत. जाड भिंतींमुळे त्या निभावल्या. काँक्रीट, मग ते रोमन असो वा आजचे, जितका दाब सोसते त्याच्या साधारण दहाव्या हिश्शाइतकाच ताण सोसते. त्याच रोमन मालाचा, आजच्या घरातल्या जाडीचा, दोन आधारांमधल्या चार मीटर अंतरावरचा सपाट स्लॅब गजाविना घातला, तर तो सेंटरिंग, म्हणजे खालचा तात्पुरता आधार, काढतानाच खाली येईल. टिकला तो आकार आणि जाडी. संदेश मात्र सगळे श्रेय चुन्याला देऊन मोकळा होतो.

शिवाय पँथिऑनचा माल निव्वळ चुन्याचा नाही. त्यात ज्वालामुखीची राख मिसळलेली आहे. या राखेतील सिलिका आणि ॲल्युमिना चुन्याशी पाण्याच्या सान्निध्यात रासायनिक क्रिया करून कॅल्शियम सिलिकेट हायड्रेटच्या जातीचा बंध तयार करतात. सिमेंटला ताकद देणारा मुख्य बंधही याच घराण्यातला. म्हणजे रोमन काँक्रीटचा जवळचा नातलग कोण, असे विचारले तर उत्तर भिंतीवरचा चुन्याचा गिलावा असे नसून आज कोळशाची राख किंवा लोखंडाच्या झोतभट्टीची मळी मिसळून बनवले जाणारे सिमेंट असे येते.

‘पन्नास वर्षे’ हा आकडा मात्र हवेतून आलेला नाही. अनेक आराखडा-संहितांत सर्वसाधारण इमारतींसाठी पन्नास वर्षांचे आणि पुलांसारख्या महत्त्वाच्या कामांसाठी शंभर वर्षांचे सेवाकाल धरलेले असतात. नेहमीची देखभाल केली तर मोठी दुरुस्ती न करता इतका काळ इमारत अपेक्षेप्रमाणे वापरता यावी, एवढाच त्याचा अर्थ. औषधाच्या बाटलीवरच्या अंतिम तारखेसारखा तो वाचणे चूक आहे. सिनसिनाटी येथील सोळा मजली इंगल्स बिल्डिंग १९०३ साली लोखंडी गजांच्या काँक्रीटमध्ये उभी राहिली आणि ती आजही उभी आहे. सॅन फ्रान्सिस्कोतला अल्व्हर्ड लेक पूल १८८९ सालचा. १९०६ चा भूकंप त्याने सोसला. एक-दोन उदाहरणांनी नियम सिद्ध होत नाही हे खरे, पण मग ती अट पँथिऑनलाही लागू करायला हवी.

दुसरा दावा असा की चुना घट्ट होत जातो आणि सिमेंट कमजोर. यासाठी दोन्ही पदार्थ कसे घट्ट होतात ते पाहावे लागेल. चुनखडी सुमारे ९०० अंश सेल्सियसला भाजली की तिच्यातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कळीचा चुना उरतो. तो पाण्यात विरवला की विरलेला चुना होतो. आणि हा विरलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड परत शोषून पुन्हा चुनखडीत बदलतो. ही शेवटची क्रिया हवा लागेल तिथूनच, म्हणजे बाहेरून आत, फार सावकाश सरकते. जाड भिंतीच्या गाभ्यात ती शतकानुशतके अपुरी राहू शकते. त्यामुळे ‘वर्षागणिक घट्ट होतो’ हे खरे असले, तरी तो मुळात किती मऊ असतो हे सांगायचे राहून जाते. निव्वळ चुन्याच्या मालाची दाब सोसण्याची ताकद दर चौरस मिलिमीटरला एक-दोन न्यूटनच्या घरात असते, तर घरबांधणीच्या साध्या काँक्रीटची वीस-पंचवीस.

सिमेंटची गोष्ट वेगळी आहे. ते हवेने किंवा वाळून घट्ट होत नाही, ते पाण्याशी क्रिया करून घट्ट होते. म्हणूनच ते पाण्याखालीही घट्ट होते आणि म्हणूनच नव्या स्लॅबवर पाणी साठवून ठेवावे लागते. ही क्रिया अठ्ठाविसाव्या दिवशी थांबत नाही. अठ्ठावीस दिवस ही चाचणीची सोय आहे. ओलावा मिळत राहिला तर काँक्रीटची ताकद त्यानंतरही वर्षानुवर्षे हळूहळू वाढते. दुसऱ्या बाजूला, जुने चुन्याचे काम नेहमी मजबूतच होत जाते असेही नाही. इटलीतल्या पाव्हिया शहरातला अकराव्या शतकातला मनोरा १७ मार्च १९८९ रोजी कोणतीही पूर्वसूचना न देता कोसळला आणि चार माणसे दगावली. भूकंप नव्हता, स्फोट नव्हता. शतकानुशतकांच्या स्वतःच्या भाराखाली भिंतीत हळूहळू साचत गेलेल्या हानीकडे अभ्यासकांनी त्यानंतर बोट दाखवले.

आता लोखंडाचा मुद्दा, ज्यात संदेश सर्वात ठाम आणि सर्वात चुकीचा आहे. जुन्या कारागिरांनी लोखंड वापरले नाही हेच मुळात खरे नाही. अथेन्सच्या पार्थेनॉनमध्ये संगमरवराचे दगड लोखंडी पकडींनी एकमेकांना जोडलेले आहेत आणि त्या पकडींभोवती शिसे ओतलेले आहे, जेणेकरून पाणी व हवा लोखंडापर्यंत पोहोचू नये. विसाव्या शतकाच्या आरंभी निकोलाओस बालानोस यांच्या देखरेखीखाली झालेल्या जीर्णोद्धारात असे शिशाचे कवच नसलेले लोखंड बसवले गेले. ते गंजले, फुगले आणि त्याने अडीच हजार वर्षांचा संगमरवर तडकवला. पुढच्या पिढीला ते काढून टायटॅनियम बसवावे लागले. लोखंड तेच, दगडही तोच. फरक पडला तो संरक्षणात.

काँक्रीटमध्ये हे शिशाचे काम सिमेंट स्वतः करते. घट्ट झालेल्या सिमेंटच्या छिद्रांतले पाणी तीव्र अल्कधर्मी असते, त्याचा सामू (pH) साधारण साडेबारा ते तेरा असतो, आणि अशा वातावरणात गजावर ऑक्साइडचा एक अतिशय पातळ थर बसतो जो गंज चढू देत नाही. हा थर दोन कारणांनी मोडतो: समुद्री वाळू, खारे पाणी किंवा खारी हवा यांतून आलेले क्लोराइड, आणि हवेतला कार्बन डायऑक्साइड, जो पृष्ठभागापासून आत शिरत सामू नऊच्या खाली आणतो. थर मोडला की गज गंजतो. गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट असल्याने आतून रेटा येतो, आधी गजाच्या रेषेत भेग दिसते आणि मग कव्हर, म्हणजे गजावरचा काँक्रीटचा थर, पोपडा होऊन सुटते.

दुरुस्तीच्या कामावर हे डोळ्यांनी पाहता येते. स्लॅबचा एक टवका ताजा फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलीनचे द्रावण फवारले, तर सुस्थितीतला भाग गडद गुलाबी होतो आणि कार्बन डायऑक्साइडने निकामी केलेला बाहेरचा पट्टा रंगहीन राहतो. त्या पट्ट्याची जाडी फूटपट्टीने मोजायची आणि गज त्याच्या आत आहे की बाहेर ते पाहायचे. ही खोली काळाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. त्यामुळे वीस मिलिमीटर कव्हर पार करायला ज्या काँक्रीटमध्ये साठ वर्षे लागली असती, त्यात गज दहा मिलिमीटरवर असेल तर पंधराच वर्षे पुरतात. कव्हर ब्लॉक, म्हणजे गज फळीपासून उचलून धरणारे ठोकळे, न लावता थेट फळीवर टेकवलेला गज, माल सहज सरकावा म्हणून ओतलेले जादा पाणी, व्हायब्रेटर न फिरवल्याने राहिलेल्या पोकळ्या, दोन दिवसांत आटोपलेले पाणी मारणे: अकाली मोडकळीस आलेल्या इमारतींचा इतिहास बहुतेक वेळा इथेच सापडतो. पन्नास किलोच्या एका गोणीला साडेबावीस लिटर पाणी हवे तिथे तीस लिटर ओतले, तर ताकदीचा साधारण पाव ते तिसरा हिस्सा जातो आणि वायूला आत शिरायला वाटाही वाढतात. पाणी व सिमेंट यांच्या गुणोत्तराचा ताकदीशी असलेला हा संबंध अमेरिकी अभियंते डफ एब्रम्स यांनी १९१८ सालीच मांडला होता. यात सिमेंटचा दोष कोणता, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगावे.

जिथे खारेपणा टाळताच येत नाही तिथेही उपाय आहेत. मेक्सिकोतल्या प्रोग्रेसो येथे १९३७ ते १९४१ या काळात समुद्रात बांधलेल्या धक्क्यात गंजरोधक पोलादाचे गज वापरले होते आणि तो अनेक दशके मोठ्या दुरुस्तीविना चालला. त्याच्याशेजारी नंतर बांधलेला, साध्या गजांचा धक्का मात्र त्याच समुद्रात कधीच मोडून गेला.

इथेच ‘चुन्यात स्लॅब घाला’ या सल्ल्यातला धोका उघड होतो. जो कार्बन डायऑक्साइड चुन्याला घट्ट करतो, तोच गजाचे संरक्षण काढून घेतो. म्हणजे चुन्याचा स्लॅब ज्या वेळी जरा ताकद धरू लागेल, नेमक्या त्याच वेळी त्यातला गज उघडा पडेल. आणि गजच नको म्हणाल तर सपाट स्लॅब उभा राहणार नाही. मग कमान किंवा घुमट बांधावा लागेल, त्याचा आडवा रेटा सोसणाऱ्या जाड भिंती लागतील, आणि बहुमजली इमारतीचा विचार सोडून द्यावा लागेल. जो संदेश गजाला रोग म्हणतो, तोच पुढे स्लॅबची कृती सांगतो, यातली विसंगती वाचणाऱ्यांच्या लक्षात कशी येत नाही याचे नवल वाटते.

प्रदूषणाचा दावा एका साध्या हिशेबाने तपासता येतो. शंभर किलो शुद्ध चुनखडी भाजली की छप्पन्न किलो कळीचा चुना मिळतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. म्हणजे एक टन चुन्यामागे सुमारे ७८५ किलो, इंधनाचा धूर वेगळा. सिमेंटच्या क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट बनवण्यासाठी भट्टीतून निघणाऱ्या खड्यांमध्ये, चुन्याचे प्रमाण सुमारे ६५ टक्के असल्याने दगडातून निघणारा वायू टनामागे ५१० किलोच्या आसपास येतो, पण त्याची भट्टी १४५० अंशांपर्यंत तापवावी लागते. चुना घट्ट होताना त्यातला बराच वायू परत शोषतो, ही त्याची जमेची बाजू निश्चित आहे. इंधनाचा धूर मात्र परत येत नाही, आणि तोच भार पेलायला चुन्याची भिंत कितीतरी जाड लागते. जगातल्या मानवनिर्मित कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के सिमेंट उद्योगातून येतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. त्यावरचा खरा उपाय क्लिंकर कमी वापरण्याचा आहे: राख, मळी, किंवा भाजलेली चिकणमाती आणि न भाजलेली चुनखडी यांच्या मिश्रणाने क्लिंकरचा वाटा जवळपास निम्म्यावर आणता येतो.

चुन्याची बाजू जिथे खरोखर बळकट आहे, त्या जागेचा या संदेशात उल्लेखही नाही. चुन्यात बांधलेल्या जुन्या दगडी भिंतीचे सांधे सिमेंटने भरले, तर भिंतीतला ओलावा सांध्यातून बाहेर पडू शकत नाही. तो दगडातून बाहेर पडतो, क्षार दगडाच्या पृष्ठभागाखाली स्फटिकरूप होतात आणि दगडाचाच पापुद्रा सुटू लागतो. अशा भिंतीत सांधा दगडापेक्षा मऊ आणि अधिक सच्छिद्र असला पाहिजे, म्हणजे झीज सांध्याची होते आणि काही दशकांनी तो खरवडून पुन्हा भरता येतो. त्यामुळे जुन्या वास्तूच्या दुरुस्तीत कोणी सांधे सिमेंटने भरत असेल तर त्याला अवश्य थांबवावे आणि चुन्याचाच आग्रह धरावा.