‘सगळेच ढोंगी, म्हणून आरोपही राजकीय’ या दाव्याचा प्रतिवाद

अमेरिकेत एखाद्या नेत्यावर लैंगिक गैरवर्तनाचा आरोप झाला की एक युक्तिवाद हमखास फिरू लागतो. दोन्ही पक्ष विरोधकावरचा आरोप तत्काळ खरा मानतात आणि आपल्या माणसावरचा खोटा ठरवतात, म्हणून असे आरोप म्हणजे केवळ राजकारण होय. ते नेमके निवडणुकीच्या किंवा नियुक्तीच्या तोंडावर येतात. न्यायालय दोषी ठरवेपर्यंत कोणी बोलू नये. आणि अखेर निवाडा मतदारच करतील, असा त्याचा आशय असतो.

यातले पहिले निरीक्षण खरे आहे, आणि ते नाकारून पुढे जाणे अप्रामाणिक ठरेल. खासगी आयुष्यात अनैतिक वागणारा लोकप्रतिनिधी सार्वजनिक कर्तव्य नीतीने पार पाडू शकतो का, असा प्रश्न पब्लिक रिलिजन रिसर्च इन्स्टिट्यूट या संस्थेने २०११ मध्ये विचारला, तेव्हा रिपब्लिकन पक्षाकडे झुकणाऱ्या श्वेतवर्णीय इव्हँजेलिकल (बायबलला अंतिम प्रमाण मानणाऱ्या) ख्रिश्चनांपैकी ३० टक्क्यांनी ‘होय’ म्हटले होते. २०१६ मध्ये हेच प्रमाण ७२ टक्क्यांवर गेले. मधल्या पाच वर्षांत त्यांचा धर्मग्रंथ बदलला नव्हता, त्यांच्यासमोरचा उमेदवार बदलला होता: तिथे आता डोनाल्ड ट्रम्प होते. दुसरी, म्हणजे डेमोक्रॅटिक पक्षाची, बाजूही निर्मळ नाही. १९९१ मध्ये सर्वोच्च न्यायालयासाठी नामनियुक्त क्लॅरेन्स थॉमस यांच्यावर लैंगिक छळाचा आरोप करणाऱ्या अनिता हिल यांच्या बाजूने ठामपणे उभे राहिलेल्यांपैकी अनेकांचा सूर काही वर्षांनी डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्यावर पॉला जोन्स यांनी केलेल्या आरोपांच्या वेळी बराच मवाळ झाला.

परंतु यावरून जो निष्कर्ष काढला जातो तो टिकत नाही. निवाडा करणारे पक्षपाती आहेत, एवढ्यावरून घटना घडली की नाही हे ठरत नाही. दोन डॉक्टर आपापल्या नातेवाइकाचा आजार लपवत असतील, तर उपाय दुसऱ्याच कोणाकडून तपासणी करून घेणे हा असतो. आजारच नसतो असे कोणी म्हणत नाही. शिवाय पक्ष नेहमीच असे वागतात, हेही खरे नाही. ओरेगनचे रिपब्लिकन सिनेटर बॉब पॅकवुड यांच्याविरुद्ध अनेक महिलांच्या तक्रारी आल्या, तेव्हा सिनेटच्या नीतिमत्ता समितीत दोन्ही पक्षांचे तीन-तीन सदस्य होते आणि अध्यक्ष मिच मॅकॉनेल हे पॅकवुड यांच्याच पक्षाचे होते. साक्षी आणि खुद्द पॅकवुड यांच्या रोजनिशा तपासल्यानंतर सप्टेंबर १९९५ मध्ये समितीने सहा विरुद्ध शून्य मतांनी त्यांच्या हकालपट्टीची शिफारस केली आणि त्यांनी राजीनामा जाहीर केला. ही माणसे इतरांपेक्षा अधिक सद्गुणी होती असे मी मानत नाही. त्यांच्यापुढे पुरावा होता, आणि तो सर्वांनी एकत्र बसून वाचला होता.

याउलट मिनेसोटाचे डेमोक्रॅट सिनेटर ॲल फ्रँकन यांचे उदाहरण निःपक्षपातीपणाचा नमुना म्हणून दिले जाते, ते मला पटत नाही. २०१७ च्या डिसेंबरात स्वपक्षीयांनीच त्यांचा राजीनामा मागितला हे खरे. पण रिकाम्या जागेवर नेमणूक करणारे मिनेसोटाचे गव्हर्नर त्याच पक्षाचे असल्यामुळे जागा हातची जाणार नव्हती, आणि नीतिमत्ता समितीची चौकशी पूर्ण होण्याआधीच फ्रँकन गेले. स्वस्तात पडणारी कठोरता आणि समान निकष या वेगळ्या गोष्टी आहेत. न्यूयॉर्कचे तत्कालीन डेमोक्रॅट गव्हर्नर अँड्र्यू कुओमो यांचे प्रकरण अधिक बोलके आहे: त्यांच्याच पक्षाच्या महाधिवक्त्या लेटिशिया जेम्स यांनी बाहेरचे वकील नेमून चौकशी करवली, ऑगस्ट २०२१ मध्ये ११ महिलांच्या तक्रारींवरचा अहवाल प्रसिद्ध केला, आणि कुओमो यांनी आरोप नाकारले तरी आठवड्याभरात राजीनामा जाहीर केला.

वेळेचा मुद्दा थोडक्यात संपतो. एखाद्याला मोठे पद मिळणार असे दिसते, तेव्हाच त्याच्याविषयी काही ठाऊक असलेल्या व्यक्तीवर बोलण्याची जबाबदारी येऊन पडते. पॅकवुड यांच्याविषयीची बातमी तर १९९२ ची निवडणूक पार पडल्यानंतर छापून आली, आणि ती आधी का आली नाही म्हणून ओरेगनमधील मतदार संतापले. संशयास्पद वेळ हे कसून तपास करण्याचे कारण आहे, तपास टाळण्याचे नव्हे.

न्यायालयाचा मुद्दा सर्वांत भारदस्त वाटतो, म्हणून त्यावर थांबले पाहिजे. निःसंशय सिद्धतेचा निकष फौजदारी खटल्यासाठी आहे, कारण तिथे माणसाचे स्वातंत्र्य हिरावले जाते. दिवाणी खटल्यात पुराव्याचे पारडे कोणत्या बाजूला झुकते एवढे पाहिले जाते, लेखिका ई. जीन कॅरल यांच्या खटल्यात मे २०२३ मध्ये ज्यूरीने डोनाल्ड ट्रम्प यांना लैंगिक अत्याचार आणि बदनामीसाठी जबाबदार धरले ते याच निकषावर, आणि ट्रम्प यांनी ते सतत नाकारले आहे. पद देणे किंवा न देणे हा तर त्याहूनही वेगळा निर्णय आहे, कारण पद हा कोणाचा जन्मसिद्ध हक्क नाही. मात्र नुसता आरोपही पुरेसा नाही, हे मी तितक्याच आग्रहाने म्हणेन. त्या वेळी कोणाला सांगितले होते का, कागद काय सांगतात, स्वतंत्र तक्रारी एकमेकींशी जुळतात का, हे प्रश्न सर्वोच्च न्यायालयावरील नियुक्तीच्या वेळी आरोप झालेले ब्रेट कॅव्हनॉ यांच्यासाठी विचारायचे असतील तर बायडन यांच्या सिनेट कार्यालयातील माजी कर्मचारी टारा रीड यांनी जो बायडन यांच्यावर केलेल्या आरोपासाठीही विचारावे लागतात, आणि उत्तरे वेगळी आली तर निष्कर्ष वेगळे असणे हा दुटप्पीपणा नव्हे.

राहिला मतदारांचा निवाडा. अलाबामात डिसेंबर २०१७ मध्ये लैंगिक गैरवर्तनाचे आरोप झालेले रिपब्लिकन सिनेट उमेदवार रॉय मूर सुमारे २२ हजार मतांनी हरले आणि तितक्याच मतदारांनी मतपत्रिकेवर तिसरेच नाव लिहिले. त्या आकड्यांतून लोकांची अस्वस्थता कळते, मूर यांनी नाकारलेल्या आरोपांचे सत्य कळत नाही. मतदाराला साक्षीदार बोलावता येत नाही आणि तो एका मतात कर, न्यायाधीश, गर्भपात असे दहा प्रश्न सोडवत असतो. तपासणी दुसऱ्याच कोणाकडे देता येते: ब्रिटनच्या हाउस ऑफ कॉमन्सने २०२० मध्ये खासदारांविरुद्धच्या अशा तक्रारींतील शिक्षेचा निर्णय एका स्वतंत्र तज्ज्ञ मंडळाकडे सोपवला, आणि त्या मंडळावर एकही खासदार नसतो.